हातभर तार आणि धोंड्याचा फोटो

सिरसाळ्याला सोमलिंगअप्पांच्या बैठकीत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो एक फोटो. गेल्या अधिक महिन्यातला, धोंड्याच्या जेवणाचा. चांगला दोन हात रुंद, सोनेरी पट्टीच्या चौकटीत. मधोमध खुर्चीवर अप्पा, शेजारी मल्लम्मा, मागे थोरली लेक सत्यशीला आणि धाकटी रुद्राणी, आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून, फेटा बांधून थोरले जावई शिवशंकरराव. धाकटे जावई या फोटोत नाहीत. म्हणजे अगदीच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. शिवशंकररावांच्या नव्या बुटांवर एक गोलसर काळा डाग पडलेला आहे, ती धाकट्या जावयाच्या डोक्याची सावली आहे. फोटो त्यानंच काढला होता आणि उन्हं त्याच्या पाठीशी होती.

या धाकट्या जावयाचं नाव संगमेश. वडवणीच्या पंचायत समितीत कारकून. कारकुनाची बाकीची दुःखं सरकारी असतात आणि कार्यालय बंद झालं की त्यांनाही कुलूप लागतं. हे दुःख मात्र त्याच्याबरोबर घरी यायचं. धोंड्याचा महिना येतो तीन वर्षांनी एकदा. सासुरवाडीनं पाय धुवावेत, नवे कपडे चढवावेत, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढावेत, वर तेहतीस अनारशांचं वाण द्यावं, एवढा मान जावयाला एरवी कोण देतो? आणि त्या मानाचा जो एकमेव पुरावा भिंतीवर टांगलेला, त्यात संगमेश कुठे, तर साडूच्या बुटावर.

दोष कॅमेऱ्याचा होता. वडवणीतल्या एका स्टुडिओवाल्यानं धंदा बदलून रसवंती टाकली, तेव्हा त्याच्याकडून संगमेशनं एक जुना पण तालेवार कॅमेरा घेतला होता. त्या दिवसापासून दोन्हीकडच्या घरांतली बारशी, डोहाळजेवणं, वास्तुशांती सगळी त्याच्या गळ्यात पडली. कुणी म्हणालंच की एखादा फोटोग्राफर बोलवा, तर अप्पा लगेच म्हणायचे, "घरात फोटोग्राफर आसताना भायेरचा कावून आणायचा?" आणि शिवशंकरराव त्याच्या पाठीवर थाप मारून पुढचं वाक्य पुरवायचे, "काढा साडू, तुमचा हात लई चांगला हाय." चांगल्या हाताच्या माणसाला तोंड असतं, हे कुणाच्या लक्षातच येत नसे.

कॅमेऱ्यात टायमर असतो, तो लावून पळत येऊन उभं राहावं, असं तुम्ही म्हणाल. संगमेशनं तेही केलं होतं. मागच्या दिवाळीत टायमर लावून तो अंगणातून पळाला, आणि मध्येच अप्पांनी वाळत घातलेल्या मुगात घसरला. त्या फोटोत सगळं कुटुंब हसतंय आणि पुढे संगमेशची पाठ आहे, एक चप्पल हवेत. शिवशंकररावांनी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून खाली 'आमचे धावते जावई' असं लिहिलं. त्यावर शेदीडशे लोकांनी हसण्याचे चेहरे पाठवले, त्यांत संगमेशच्या स्वतःच्या आईचाही एक होता.

त्यामुळे यंदा अधिक ज्येष्ठ लागायच्या आधीच त्यानं मनाशी पक्कं केलं. या वेळी फोटोत यायचं. कडेला उभं केलं तरी चालेल, पण तोंडासकट यायचं. मग मोबाईलवर धुंडाळता धुंडाळता त्याला ती वस्तू सापडली. तारेचं बटन. तारेचं एक टोक कॅमेऱ्यात खोचायचं, दुसरं टोक, ज्याला अंगठ्याएवढं बटन असतं, ते हातात धरून आपण निवांत फोटोत उभं राहायचं. बटन अर्धं दाबलं की कॅमेरा नेम धरतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो, आणि दाबून पुढे सरकवलं तर तिथेच अडकून बसतं, म्हणजे आपण हात सोडला तरी चालतं. हे वाचताना संगमेशला इतका आनंद झाला की त्यानं रुद्राणीला उठवून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. रुद्राणी दुपारची झोपली होती.

"मंग मोबाईलवरच काढा की," ती कूस बदलून म्हणाली.

"मोबाईलचा फोटो कुणी भिंतीवर लावतं का?"

"आन् भिंतीवर न्हाई लागला तर काय व्हतं?"

बायकोला काही गोष्टी समजावता येत नाहीत, विशेषतः जी स्वतः प्रत्येक फोटोत असते तिला. संगमेशनं बटन मागवून टाकलं.

ते यायच्या दिवशी तो सुट्टी असल्यानं सकाळपासून ओट्यावरच बसला होता. दुपारी मोबाईलवर निरोप आला की ग्राहक पत्त्यावर सापडला नाही. त्यानं फोन लावला. पार्सलवाला म्हणाला, "साहेब, मी येऊन गेलतो, कुणीच नव्हतं." संगमेश म्हणाला, "मी ओट्यावर बसलोय की." पलीकडून म्हणणं आलं, "ओट्यावर एक माणूस होता, पण तो काय गिऱ्हाईक वाटला न्हाई." हा अपमान गिळून संगमेश स्वतः बसस्टँडजवळच्या त्यांच्या गोडाऊनवर गेला, ओळखपत्र दाखवलं, त्यावरचा फोटो आपलाच आहे हे दोघांना पटवलं, आणि डबी घेऊन आला. ओळखपत्रावरच्या फोटोतही तो नीट येत नाही हे त्याला त्या दिवशी कळलं.

डबी उघडली. बटन होतं, छान होतं, पण तार जेमतेम हातभर. म्हणजे कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर उभं राहायचं. कुटुंबाचा फोटो काढायचा तर कुटुंब तिकडे आणि संगमेश इकडे, फक्त आता हातात बटन.

मधल्या काळात रजेचंही प्रकरण झालं, ते सांगितलं पाहिजे. अप्पांच्या घरी शुभकार्य सोमवारीच, म्हणून धोंड्याचं जेवण सोमवारी ठरलं. आता पंचायत समितीतला प्रत्येक पुरुष कुणाचा ना कुणाचा जावई, आणि बहुतेकांच्या सासऱ्यांनी तोच सोमवार धरलेला. कार्यालयीन अधीक्षक भगवानरावांनी अर्जांचा गठ्ठा समोर ठेवून सगळ्यांना बोलावलं. "समद्यांनी कारण लिवलंय, कौटुंबिक. सोमवारी तालुका काय सासऱ्यांनी चालवायचा का?" मग शिपायानं हळूच आठवण केली की साहेबांची स्वतःची सासुरवाडीही सोमवारचीच आहे. भगवानराव विचारात पडले. शेवटी ज्याच्या लग्नाला कमी वर्षं झाली त्याला आधी रजा, असा निर्णय झाला, कारण नव्या जावयाचा रुसवा जास्त दिवस टिकतो असा त्यांचा अनुभव होता. संगमेशला रजा मिळाली, पण अर्जावर सही करता करता ते म्हणाले, "मंगळवारी आमचाबी एक फोटो काढून द्या घरचा. तुमचा हात चांगला हाय म्हणतेत."

आता तारेचं. संगमेशच्या शेजारी त्रिंबकचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटरी भरून द्यायचं. त्रिंबकच्या मते जगात यंत्र एकच, पाण्याची मोटर. बाकी फ्रीज, कूलर, मिक्सर, मोटरसायकल ही सगळी तिचीच रूपं. त्यानं बटन हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "स्टार्टर हाय ह्यो. लहान हाय, पण स्टार्टरच."

"त्रिंबक, याची तार वाढवता येईल का?"

"न वाढवायला काय झालं? आमी पाचपाचशे फुटावरून मोटर चालू करतो. ह्यो कॅमेरा काय हिरीत सोडायचाय का?" असं म्हणून त्यानं पक्कड उचलली आणि संगमेशनं हां हां म्हणेपर्यंत नव्या कोऱ्या तारेचे मधोमध दोन तुकडे केले. आत केसासारख्या तीन बारीक तारा निघाल्या. त्या बघून त्रिंबकचा चेहरा उजळला. "तीन हायत. मनलं न्हवतं का? थ्री फेज हाय."

संगमेशनं सांगून पाहिलं की यात वीज म्हणावी अशी वीज नसते, एक तार नेम धरायची असते, एक फोटोची, एक दोघींची मिळून. त्रिंबकनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि आतून बोअरच्या मोटरीची केबल काढून आणली. चपटी, काळी, अंगठ्याएवढी जाड, आत लाल, पिवळी आणि निळी. "बारीक वायर लावली तर पायात येऊन तुटती. ही पंधरा वर्षं पाण्यात ऱ्हायली तरी काय व्हत न्हाई." फोटो पाण्याबाहेर काढायचा आहे, हे म्हणायची संगमेशची हिंमत झाली नाही, कारण तारेचे दोन तुकडे आता त्रिंबकच्या ताब्यात होते.

जोड झाला. संगमेशनं कॅमेरा लावला, बटनावर नुसता अंगठा टेकवला, तोच फोटो निघाला. नेम धरायच्या आतच. त्रिंबक म्हणाला, "फेज उलटा झाला. मोटर आसती तर उलटी फिरली आसती. फोटो उलटा आलाय का बघ." फोटो सुलटाच होता, त्यात त्रिंबकचं नाक होतं. मग त्यानं पिवळी आणि निळी अदलाबदल केली, वर काळी पट्टी गुंडाळली, आणि काय आश्चर्य, बटन अगदी नियमाप्रमाणे चालायला लागलं. अर्ध्यावर नेम, पूर्ण दाबलं की फोटो. संगमेश अंगणाच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या कॅमेऱ्यानं स्वतःचे फोटो काढत सुटला. सहा फोटोंत सहा वेळा तो होता, तोंडासकट. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

सोमवारी सकाळी संगमेश आणि रुद्राणी परळीच्या गाडीत चढले. तिच्या हातात कपड्यांची पिशवी, याच्या गळ्यात कॅमेरा, काखेत तिपाई, आणि खांद्यावर केबलीचं वेटोळं. कंडक्टरनं वेटोळ्याकडे बोट केलं. "मोटरीचं लगेज काढावं लागंल."

"मोटर न्हाई, कॅमेरा हाय."

"मंग केबल कशाची?"

"कॅमेऱ्याची."

कंडक्टरनं रुद्राणीकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. शेजारच्या सीटवरचे एक म्हातारे मात्र आपुलकीनं सरकून बसले. कुठं बोअर घेतलं, गाडी कुणाची होती, किती फूट गेले, पाणी किती इंच लागलं, असं विचारत राहिले. तेलगाव येईपर्यंत संगमेश खरं सांगत होता. तेलगावनंतर तो थकला आणि म्हणाला, "न्हाई लागलं पाणी." तेव्हा सगळी गाडी हळहळली. सिरसाळ्याला उतरताना त्या म्हाताऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून धीर सोडू नका असं सांगितलं.

अंगणात शिवशंकरराव आधीच येऊन खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याविषयी दोन शब्द. ते चकलांब्याचे. शेती भरपूर, आणि राजकारण त्याहून भरपूर. कुणाचाही वाढदिवस असो, नाक्यावरच्या बॅनरवर खालच्या ओळीत डावीकडून तिसरे ते असणारच. माणूस मनानं वाईट नाही, पण कॅमेरा दिसला की त्यांचं पाऊल आपोआप अर्धी वीत पुढे पडतं आणि हनुवटी वर जाते. यात त्यांचा काही दोष नाही, ती त्यांच्या क्षेत्रातली सवय आहे.

"या साडू," ते म्हणाले. मग केबल बघून उभेच राहिले. "सासऱ्याच्या अंगणात बोअर पाडताय का काय?"

पाय धुणं झालं. आधी थोरल्यांचे, मग धाकट्यांचे. कुंकू, कपडे, वाण, सगळं त्याच क्रमानं. मग जेवण. धोंडे किती खाल्ले हे विचारू नये. मल्लम्मा वाढत गेल्या, सत्यशीला तूप ओतत गेली, आणि जावयानं नको म्हणायचं नसतं. जेवणं आटोपली तेव्हा दोन्ही जावई भिंतीला टेकून जडावल्या डोळ्यांनी एकमेकांकडे बघत होते, आणि त्या घटकेला त्यांच्यात कसलंही वैर नव्हतं.

उन्हं कलली तसा संगमेश उठला. खुर्च्या मांडल्या. तिपाई उभी केली, केबलीच्या ओझ्यानं ती वाकायला लागली म्हणून तिच्या पायाला सुतळीनं केबल बांधली, तरी केबल वेटोळं घ्यायची म्हणून मध्ये वरवंटा ठेवला. अप्पांना ऐन फोटोच्या वेळी डोळे मिटायची सवय आहे, म्हणून कॅमेरा एकापाठोपाठ फोटो निघत राहतील असा लावून ठेवला. एकात तरी अप्पा जागे सापडतील. आणि मग, बटन मुठीत धरून, सासुरवाडीत पहिल्यांदा संगमेश कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, अप्पांच्या डाव्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. इथून जग वेगळंच दिसत होतं.

"थांबा जावईबापू," मल्लम्मा म्हणाल्या. "नवी वस्तू हाय. तशीच कशी वापरायची?"

त्यांच्या घरात नवं शिवणयंत्र, नवी मोटरसायकल, नवा कूलर, काहीही आलं की आधी त्याला हळदकुंकू. त्या आत जाऊन कुंकवाचा करंडा आणि पाण्याची वाटी घेऊन आल्या, चांगलं ओलं कुंकू कालवलं, आणि बटनावर पाच बोटं उठवली. बटनाच्या कडेच्या फटीत कुंकू जाताना संगमेशला दिसत होतं. पण सासूबाईंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. अशा वेळी कोण बोलणार.

आणि पूजा झाली म्हटल्यावर शिवशंकररावांच्या अंगात कार्यक्रम संचारला. "मंग आता हे बटन कुणाच्या शुभहस्ते दाबायचं?"

"शुभहस्ते कशाला? मी दाबतो की," संगमेश म्हणाला.

"आसं कसं साडू? कळ दाबायची तर मानाच्या माणसानं. मी म्हणतो, अप्पांच्या शुभहस्ते."

अप्पा म्हणाले, आज मान जावयाचा. बटन शिवशंकररावांच्या हातात आलं. शिवशंकरराव म्हणाले, छे, वडीलधारी माणसं समोर असताना. बटन अप्पांकडे गेलं. अप्पांनी ते मल्लम्मांकडे दिलं, मल्लम्मांनी लेकींकडे, लेकींनी परत अप्पांकडे. प्रत्येकाचा अंगठा वाटेत कुठे ना कुठे पडत होता, आणि कॅमेरा बिचारा दरवेळी दोनतीन फोटो काढून मोकळा होत होता. त्या फोटोंत सगळे एकमेकांना नको नको म्हणतायत. शेवटी अप्पांनी शपथ घातली, आणि बटन कायमचं शिवशंकररावांच्या मुठीत गेलं. संगमेशचे दोन्ही हात रिकामे झाले. तरी त्यानं स्वतःला समजावलं, बटन गेलं तर जाऊ दे, मी फोटोत तर आहे.

"आज या ठिकाणी," शिवशंकरराव म्हणाले, घसा साफ केला, आणि अंगठ्यानं बटन दाबून बॅटरीच्या खटक्यासारखं जोरात पुढे सरकवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कॅमेरा सुरू झाला. खट खट खट खट. सगळे सावरून हसले. खट खट. हसून झालं, तरी खट खट. शिवशंकररावांनी बटन मागे ओढून पाहिलं, पण कुंकू त्या खाचेत वाळून बसलं होतं आणि ते जागचं हलेना. "साडू, हे थांबत न्हाई ओ," ते ओठ न हलवता म्हणाले, कारण कॅमेरा चालू असताना हसू सोडायची त्यांना सवय नव्हती.

आणि इथे संगमेशवर खरा प्रसंग आला. थांबवायचं तर कॅमेऱ्यापाशी जावं लागणार. कॅमेऱ्यापाशी जायचं म्हणजे फोटोतून बाहेर जायचं. कॅमेरा इतका वेळ सलग धडधडला तर बिघडेल, कार्ड भरून जाईल, हे सगळं त्याला समोर दिसत होतं. रुद्राणी कोपरानं ढोसत होती, "अहो, जा की." पण त्याचे पाय हलेनात. लग्नाच्या चार वर्षांत जी जागा मिळाली नाही, ती मिळाल्यावर लगेच सोडायची? तो तसाच उभा राहिला. कुटुंबातलं कुणीच हललं नाही. खट खट चालू आहे तोवर हलायचं नसतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. घामानं कपाळावरचं कुंकू उतरायला लागलं, अप्पांचे डोळे मिटले, उघडले, परत मिटले.

शेवटी शिवशंकररावांचे गाल हरले. "थांबा, मीच बघतो," म्हणून ते तरातरा कॅमेऱ्याकडे निघाले. बटन हातातच होतं. ते गेले तशी केबल त्यांच्या पायांभोवती फिरली, आणि मागे सगळ्यांना हसू फुटलं. कॅमेऱ्यामागे पोचून ते आत वाकून बघणार, तोच वरवंट्याला ठेच लागली, केबलीला हिसका बसला आणि कॅमेऱ्यात खोचलेलं तारेचं टोक कडकन मोडलं. खटखट थांबली. शिवशंकररावांना असं केबलीत गुंडाळलेलं पाहून फुटलेलं हसू मात्र पुष्कळ वेळ कुणाला आवरलं नाही. संगमेशलाही नाही.

मग सगळे कॅमेऱ्याच्या छोट्या काचेभोवती गोळा झाले. शेकडो फोटो. जवळजवळ सगळ्यांत शिवशंकरराव सुरेख आले होते. फेटा, हनुवटी, सगळं जिथल्या तिथे. आणि त्या सगळ्यांत त्यांचं पाऊल अर्धी वीत पुढे पडलेलं, त्यामुळे मागे उभ्या संगमेशचा फक्त एक कान दिसत होता. फोटोमागून फोटो सरकत गेले आणि कान तिथेच राहिला. संगमेशचं तोंड उतरत गेलं. सावलीवरून कानावर आलो, तो मनात म्हणाला, या हिशेबानं नाक यायला अजून तीन वर्षं.

शेवटचा फोटो आला आणि सगळे काचेवर वाकले. अप्पांचे डोळे टक्क उघडे. मल्लम्मा पदर तोंडाला लावून हसतायत. दोघी बहिणी एकमेकींना धरून. आणि अप्पांच्या खांद्यामागे संगमेश, अख्खा, मनापासून हसणारा, इतका की त्यालाच वाटलं हा कोण देखणा माणूस. शिवशंकरराव त्यात नव्हते. अंगणात, अप्पांच्या चपलांवर, एका फेट्याची लांबलचक सावली पडलेली होती.

"झ्याक आलाय," शिवशंकरराव म्हणाले, "पर यात मी कुठं हाय?"

अप्पांनी तोडगा काढला. "बटन तर मोडलं. उन्हं हायत तवर एक हातानंच काढा संगमेशराव. घरात फोटोग्राफर आसताना."

"हां, काढा साडू, तुमचा हात चांगला हाय."

आणि वाईट याचं वाटतं की संगमेशनं कॅमेरा उचललासुद्धा. सवय. तो चार पावलं मागे सरकला, एक डोळा मिटला, आणि काचेतून त्याला परत तेच सगळे दिसायला लागले, तो सोडून.

"ठिवा तो खाली," मल्लम्मा म्हणाल्या.

त्या फारशा बोलत नाहीत. त्यामुळे बोलल्या की अप्पासुद्धा ऐकतात. त्या सगळ्यांना बैठकीत घेऊन गेल्या, त्या भिंतीवरच्या फोटोपाशी.

"तीन वर्सं झाली, घरी येईल त्याला मी हितं आणते. हे आमचे हे, ही मी, ह्या दोगी लेकी, हे थोरले जावई." त्यांचं बोट खाली सरकत शिवशंकररावांच्या बुटांवर आलं. "आन् हे काळं दिसतंय न्हवं, हे आमचे धाकटे. लोक हसतेत. हसू द्या. मी वळख करून देते."

संगमेशला वाटत होतं की ती सावली त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. त्याला सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं आणि तो पडलाही. जावयानं पाया पडायचं नसतं म्हणून एकच गडबड उडाली.

"आता ह्यो शेवटचा फोटो भिंतीवर लावायचा," मल्लम्मा म्हणाल्या.

"आन् मी?" शिवशंकरराव म्हणाले.

"तुमी हाव की. ही काय, ह्यांच्या चपलेवर. धाकट्या जावयाचं तीन वर्सं सावलीवर भागवलं, आता तुमचं भागवू. येईल त्याला वळख करून देईन, काळजी करू नका."

अधिक महिना सरायच्या आत नवा फोटो जुन्याशेजारी लागला, तशाच सोनेरी पट्टीत. सिरसाळ्याच्या बाजारला येणारे लोक अप्पांकडे चहाला टेकायचे, फोटो बघायचे आणि गावोगाव जायचे. चकलांब्यात बातमी पोचली की शिवशंकरराव यंदा धोंड्याला गेलेच नाहीत, सासऱ्यानं बोलावलंच नाही, आतून बिनसलंय. विरोधी गटातल्या दोघांनी तर येऊन सांत्वनही केलं.

श्रावण लागला तेव्हा एका सकाळी संगमेशचा फोन वाजला. शिवशंकरराव होते. आवाज कधी नव्हे इतका हळू.

"साडू, एक बारीक काम व्हतं. ते तुमचं तारेचं बटन कुठं मिळतं ओ?"

"कावून ओ?"

"न्हाई, गवरी-गणपतीला समदे जमणारच हाव सिरसाळ्याला. मनलं आपणच एखादं घेऊन ठिवावं."

संगमेशनं कुठे मिळतं ते सविस्तर सांगितलं. मागवायचं कसं, ओट्यावर बसून वाट कशी बघायची, तेही सांगितलं. मग म्हणाला, "पर तार लई आखूड येती त्याची, हातभर."

"मंग?"

"मंग काय न्हाई. आमच्या शेजारी त्रिंबक म्हणून हाय एकजण. नंबर देतो."